कुर्ल्याच्या डॉजची कुळकथा

भारतात तयार झालेल्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकन मोटारींचा वंश शोधत गेले की दोन शहरे समोर येतात: डेट्रॉइट आणि सोलापूर. गाडी घडवली डेट्रॉइटने. ती मुंबईतल्या कुर्ल्यात तयार व्हावी म्हणून जिवाचे रान केले ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी.

वॉल्टर क्रायसलर यांनी १९२५ मध्ये आपली कंपनी काढली. १९२८ मध्ये त्यांनी डॉज कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी प्लिमथ, डिसोटो आणि फारगो ही नावे बाजारात आणली. पुढे या नावांखाली एकाच सांगाड्याच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. निर्यातीसाठीची डॉज किंग्जवे हे त्याचे ठळक उदाहरण. तिचे अंग प्लिमथचे. पुढची जाळी आणि नाव मात्र डॉजचे. स्वस्त गाडीही डॉजच्या नावावर विकता यावी, हा त्यामागचा हिशेब होता.

या गाड्यांच्या रूपालाही इतिहास आहे. १९३४ मध्ये क्रायसलरने वाऱ्याला कमी अडणारी, गोलसर ‘एअरफ्लो’ आणली. गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि कंपनीने आकाराच्या बाबतीत धाडस करणे सोडले. अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असे की डोक्यावर हॅट असली तरी माणसाला गाडीत नीट बसता आले पाहिजे. म्हणून १९४९ च्या प्लिमथचे छत उंच, बैठक सोफ्यासारखी सलग आणि पुढची काच दोन तुकड्यांची होती. तीन गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खांबावर असे.

बॉनेटखाली सहा सिलिंडरचे, सुमारे ३.६ लिटरचे, ९७ अश्वशक्तीचे इंजिन होते. त्यातले व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले. खाली फिरणारा कॅमशाफ्ट त्यांना वर ढकलत असल्यामुळे वरचे हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकणच. या रचनेत ताकद बेताची मिळे, पण भाग कमी लागत आणि दुरुस्ती सोपी होई.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने झाली. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली. वालचंदांनी ती उचलून धरली आणि १९३९ मध्ये अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणी फिसकटली. १९४० मध्ये क्रायसलरशी करार झाला. ब्रिटिश सरकारने मात्र या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानायला नकार दिला, आणि योजना रखडली.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. जनरल मोटर्स १९२८ पासूनच मुंबईत गाड्या जुळवत होती, त्यामुळे नुसती जुळवणी नवी नव्हती. नवे होते ते भारतीय मालकीच्या कारखान्याने एकेक भाग इथेच बनवत जाण्याचे उद्दिष्ट. वालचंदांचे ८ एप्रिल १९५३ रोजी निधन झाले. त्याच सुमारास सरकारने देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जुळवणीची परवानगी नाकारली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली.

मोठी अमेरिकन मोटार मात्र टिकली नाही. तिला पेट्रोल फार लागे आणि आयात भागांसाठी परकीय चलनही. प्रीमियरने फियाटशी करार केला आणि १९५४ पासून सुमारे १.१ लिटरच्या इंजिनाची फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिच्याच वंशातल्या गाडीचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. क्रायसलरचा वारसा डॉज आणि फारगो ट्रकच्या रूपाने रस्त्यावर आणखी काही काळ राहिला.

वालचंदांचे सोलापूर पुढे स्वतःच मोटारीच्या धंद्यात उतरले. १९९२ मध्ये इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तिने घडवलेले कॅमशाफ्ट जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांच्या इंजिनांत बसले.