एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर

जर्सी सिटीतल्या न्यूपोर्टच्या पाथ स्टेशनात, म्हणजे मॅनहॅटनला जोडणाऱ्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात, फलाटावरच्या खांबांकडे सहसा कुणी मान वर करून बघत नाही. त्यांच्या माथ्यावर इंग्रजी ‘ई’ आहे. 1909 साली हे भुयारी स्टेशन सुरू झालं तेव्हा त्याचं नाव एरी होतं, कारण वर नदीकाठी एरी रेल्वेचं पव्होनिया टर्मिनस होतं. त्या टर्मिनसच्या यार्डाच्या जागेवर आता मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. मला त्या ‘ई’बद्दल आपुलकी वाटते ती डोंगर हिंडणाऱ्यांमुळे.

शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कची भटकी मंडळी सुटीच्या सकाळी चेंबर्स स्ट्रीटच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं हडसन ओलांडून जर्सी सिटीत यायची. पव्होनियाला एरीची गाडी पकडून रामापोच्या डोंगरांत सफर्न, टक्सीडो, आर्डेन अशा लहानशा स्टेशनांवर उतरायची आणि संध्याकाळी परत. मी डोंबिवलीची. शेवटच्या कर्जत लोकलमध्ये सॅकवर डोकं टेकून झोपलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे चित्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हे डोंगर लोकांना मिळाले तेही रेल्वेवाल्याच्या घरातून. रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन वारल्यावर, 1910 मध्ये, त्यांच्या पत्नी मेरी यांनी दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर उद्यानासाठी दिले. अट एकच महत्त्वाची: बेअर माउंटनला सरकार तुरुंग बांधत होतं, तो बेत सोडायचा. देणगी द्यावी तर अशी, अटीसकट.

जमीन झाली, पण वाटा? 19 ऑक्टोबर 1920 रोजी मॅनहॅटनमधल्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानाच्या गच्चीवरच्या लाकडी ओंडक्यांच्या खोलीत चालणाऱ्यांच्या निरनिराळ्या क्लबांची बैठक झाली. (तेव्हा ते शिकारी-भटक्यांच्या सामानाचं दुकान होतं. माझ्या मुलाला हे खरंच वाटत नाही.) उद्यानाचे व्यवस्थापक मेजर वेल्च आणि पत्रकार रेमंड टॉरी यात पुढे होते. टॉरी ‘न्यूयॉर्क इव्हनिंग पोस्ट’मध्ये भटकंतीवर सदर लिहायचे आणि सुटीच्या दिवशी स्वतः झाडी तोडायला जायचे. या मंडळींनी पहिली लांब वाट आखली ती रामापो-डंडरबर्ग. 1923 मध्ये बेअर माउंटन ते आर्डेन हा अ‍ॅपलेचियन ट्रेलचा पहिला तुकडा खुला झाला, तोही याच डोंगरांत.

रामापो-डंडरबर्गची टोकं नकाशावर बघण्यासारखी आहेत. एक टोक एरीचं टक्सीडो स्टेशन. दुसरं हडसनकाठचं जोन्स पॉइंट, म्हणजे वेस्ट शोअर रेल्वेचं स्टेशन. एका कंपनीच्या गाडीनं यायचं, वीस मैलांहून जास्त डोंगर तुडवायचे आणि दुसऱ्या कंपनीच्या गाडीनं वीहॉकनला उतरून बोटीनं घरी. आपल्याकडे लोणावळ्याला उतरून राजमाची करून कोंढाण्याच्या लेण्यांवरून कर्जत गाठतात, तसाच हिशोब. कुठलं शिखर किती उंच, यापेक्षा संध्याकाळची गाडी किती वाजता, यावर ही वाट बेतलेली आहे.

मग मोटारी आल्या. 1924 मध्ये बेअर माउंटनचा पूल, 1927 मध्ये आमच्या दारातला हॉलंड बोगदा, 1931 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पूल. मोटार जिथं ठेवली तिथंच परत यावं लागतं, म्हणून गोल फेऱ्या बोकाळल्या. एरीच्या गाड्या होबोकनला गेल्या, 1958 च्या अखेरीस पव्होनियाची फेरीबोट थांबली आणि टर्मिनस पुढे पाडलं गेलं.

टक्सीडोची गाडी मात्र अजून आहे. न्यूपोर्टहून पाथनं होबोकन, तिथून पोर्ट जर्व्हिसची गाडी. शनिवार-रविवारी मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवावी. स्टेशनातून बाहेर पडून रामापो नदी आणि हमरस्ता मागे टाकला की पांढऱ्यावर लाल ठिपका दिसतो, तीच ती वाट. थोड्या चढानंतर तिला फुटणाऱ्या दुसऱ्या वाटेनं गेलं की क्लॉडियस स्मिथची कपार लागते. 1779 मध्ये फासावर गेलेला हा ब्रिटिश राजाशी निष्ठा राखणारा दरोडेखोर तिथं लपायचा म्हणतात. डबा उघडायला जागा उत्तम.

तिथूनच वळून टक्सीडोला परतता येतं. पुढे जोन्स पॉइंटपर्यंत जायचं तर अडचण आहे. वेस्ट शोअरच्या रुळांवरून मालगाड्या आजही जातात, पण प्रवासी गाडी 1959 मध्येच बंद झाली. पलीकडे कुणाला तरी मोटार घेऊन थांबायला सांगावं लागतं.