ईश्वरी मार्गदर्शन (ख्रिस्ती धर्म)

रोजच्या व्यवहारातील निर्णय देवाच्या इच्छेनुसार घ्यावेत आणि पुढची सारी वाट दिसत नसली तरी विश्वासाने चालावे, ही ख्रिस्ती जीवनातील मूलभूत धारणा. बायबलवाचन, प्रार्थना, मंडळीतील जाणत्यांचा सल्ला आणि सदसद्विवेक ही देवाची इच्छा ओळखण्याची प्रमुख साधने.

इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात या पारखीला शिस्त लावली. त्यांच्या पद्धतीत साधक दिवसभराचा आढावा घेतो : मन कशाने शांत झाले, कशाने अस्वस्थ?

विश्वासाने चालण्याचे एक उदाहरण : इंग्लंडमधील ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर (१८०५–९८) यांनी १८३६ पासून अनाथालये चालवली. कोणापुढेही हात न पसरता ते प्रत्येक गरज देवापुढे मांडत आणि मिळालेल्या मदतीची तारीखवार नोंद ठेवत.

म्युलर यांच्या उदाहरणाने पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना बळ दिले. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाईंनी ही देवाची हाक मानली आणि पुरेसा पैसा हाताशी नसतानाही त्या तिकडे गेल्या. उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना त्यांनी आणले. केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. तेथेच उभ्या राहिलेल्या ‘मुक्ती मिशन’चे कार्य आजही चालू आहे.