सहावी ते आठवीची शाळा चांगली आहे का? पालकांनी काय तपासावं, कुठं बोलावं

सीताबर्डी (नागपूर) : चौथी-पाचवी झाली की घरोघरी एकच चर्चा. पोराला गावातच ठेवायचं की शहरात टाकायचं? सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकावरून तालुक्यांकडे एसटी सुटते, त्यामुळे रोजचं जाणं-येणं जमेल असं अनेकांना वाटतं. पण एकेक मूल बाहेर गेलं की गावच्या शाळेचा पट घटतो आणि पट घटला की संचमान्यतेत शिक्षकांची पदंही घटतात. म्हणून दाखला काढण्याआधी पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

कायद्यानं काय असायला हवं?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी त्यात असं ठरलं आहे :

- दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक.
- विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक.
- पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक.
- वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं.
- मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय आणि खेळाची जागा.

मोबाईलवर काय दिसतं?

प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस क्रमांक असतो. युडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळा शोधली की पट, शिक्षकसंख्या आणि सुविधांची माहिती मिळते. तिथं लिहिलेलं आणि शाळेत प्रत्यक्ष दिसणारं जुळतं का, ते स्वतः जाऊन बघा.

घरी दहा मिनिटांची परीक्षा

सहावीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या. मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगा. ‘असर’ सर्वेक्षणात गावोगावी मुलांची साधारण अशीच चाचणी घेतात. इथं मूल अडखळत असेल तर रंगवलेल्या भिंती बघून समाधान मानू नका. शिक्षकांशी बोला आणि उजळणीसाठी वेगळा वेळ मागा.

चांगल्या शाळेला शाबासकी

राज्यात ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात शाळांचं मूल्यांकन होऊन तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर बक्षिसं दिली गेली. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्काराच्या समाज-सहभाग गटात पहिल्या दहांत आली. तिथं मुलं एकमेकांना शिकवतात आणि गाव शाळेच्या पाठीशी उभं राहतं. आपल्या गावात याची सुरुवात करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

शाळा बदलताना हे विसरू नका

आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं तर ही संधी जाते. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मिळणाऱ्या शालेय पोषण आहाराचंही तसंच.

सुधारणा कशी घडवायची?

१. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या वर्गाचा पालक सदस्य कोण, ते माहीत करून घ्या.

२. शाळा विकास आराखडा तयार करणं हे याच समितीचं काम आहे. विज्ञानाचा शिक्षक नाही, स्वच्छतागृहात पाणी नाही, असे मुद्दे त्यात लेखी घालायला लावा आणि सभेत ठराव घ्या.

३. ठरावाची प्रत केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.

४. तरीही काम हललं नाही तर कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय देणं बंधनकारक आहे.

समितीची पुढची सभा कधी आहे, हे मुख्याध्यापकांना आजच विचारा. तारीख कळली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे बाकीचे पालकही येतील.