बेरपत्थराची कुळकथा

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात जाऊन बेरपत्थर मागा. दुकानदार बोराएवढे मळकट दगड तराजूत टाकेल. एका टोकाला देठ, अंगावर बारीक उभ्या रेघा. वाळून टणक झालेलं एखादं फळच वाटावं. पण हे फळ नव्हे. हा सी-अर्चिनचा काटा आहे, ज्युरासिक काळातल्या समुद्रातला.

सी-अर्चिन हा तारामाशाचा भाऊबंद, काट्यांनी भरलेला गोळा. बहुतेकांचे काटे सुयांसारखे असतात, काही जातींचे मात्र गदेसारखे फुगीर. आपण ज्याला देठ म्हणतो ते त्याचं बूड. कवचावरच्या गोल उंचवट्यावर ते खोबणीने बसायचं, त्यामुळे काटा हव्या त्या दिशेला वळायचा. प्राणी मेला की काटे गळून विखुरतात. म्हणून संग्राहकांना सुटे काटे सहज मिळतात, काट्यांसकट अख्खा अर्चिन क्वचितच.

हकिमांकडचं याचं नाव हजरुल यहूद. हजर म्हणजे दगड, यहूद म्हणजे ज्यू. दगड कुठून आला ते नावातच आहे. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने ज्यूडियातल्या या दगडाचं वर्णन करून ठेवलंय: आकार ओकच्या फळाचा, रेघा कातकाम केल्यासारख्या समांतर. हरभऱ्याएवढा उगाळून गरम पाण्यातून घ्या, मूत्राशयातला खडा विरघळेल, असं तो सांगतो. दुसऱ्या शतकात गॅलेनने त्याला दुरुस्ती सुचवली: मूत्राशयाला उपयोग नाही, मूत्रपिंडातल्या खड्यावर चालतो. दगडावर दगडाचा उतारा! पुढे ग्रीकांची ही विद्या अरबांनी उचलली आणि युनानी वैद्यकाबरोबर दगड भारतात आला. आपल्या वैद्यांनी त्याला मुळ्याच्या रसात खलून भस्मात बसवलं आणि संस्कृत नावही दिलं, बदराश्म. बदर म्हणजे बोर.

गंमत बघा, ग्रीकांना त्यात ओकचं फळ दिसलं, आपल्याला बोर. ज्याच्या अंगणात जे झाड, ते त्याने दगडात पाहिलं. समुद्र कुणाला दिसला नाही. १६७० साली आगोस्तिनो शिल्ला या सिसिलीच्या चित्रकाराने जिवंत प्राण्यांशी ताडून ठासून लिहिलं की खडकातले अर्चिन हे खरोखरचे अर्चिनच आहेत. वैद्य-हकीम शतकानुशतकं हाताळत होते ती वस्तू ओळखायला चित्रकाराची नजर लागली, याचं मला नवल वाटत नाही.

औषध म्हणून मी तो घेणार नाही. तो बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेट, आणि मुतखडेही बहुतेक कॅल्शियमचेच. संग्रहासाठी मात्र चार दगड जरूर घ्या आणि त्यातला एक फोडा. अर्चिनचा प्रत्येक काटा म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक असतो. अस्सल असेल तर तुटलेली बाजू सपाट निघेल आणि उन्हात आरशासारखी चमकेल.