विद्याशाखेची निवड

विद्याशाखेची निवड : (शिक्षण-मानसशास्त्र). पदवीसाठी कोणता विषय घ्यायचा हे ठरवताना गुण, घरची ऐपत, आईवडिलांचे मत, नोकरीची आशा या सगळ्यांचा विचार होतो. त्याच्याही आधी दोन गोष्टी आपले काम करून गेलेल्या असतात : विषयाची आवड आणि तो आपल्याला जमेल हा भरवसा.

जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा भर आवडीवर होता. माणसाचा कल आणि कामाचे स्वरूप यांचा मेळ बसावा, असे त्याचे सूत्र. आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये ‘स्वक्षमते’ची, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला जमेल या भरवशाची, संकल्पना पुढे आणली आणि गेल हॅकेट व नॅन्सी बेट्झ यांनी १९८१ मध्ये ती व्यवसायनिवडीला लावली. त्यांच्या पाहणीतल्या महाविद्यालयीन मुली गणित-इंग्रजीच्या चाचणीत मुलांच्या बरोबरीच्या होत्या. तरी ‘पुरुषी’ समजल्या जाणाऱ्या व्यवसायांबाबत त्यांचा स्वतःवरचा भरवसा तोकडा पडला. लेंट, ब्राउन व हॅकेट यांनी १९९४ मध्ये दोन्ही धागे जोडले : जे जमेल असे वाटते आणि ज्यातून काही हाती लागेलसे वाटते, त्याचीच आवड रुजते. ‘मला गणितात रस नाही’ या वाक्याकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावे. त्यामागे पुष्कळदा आठवीतला एखादा नापास पेपर असतो.

भरवसा तुलनेतूनही घडतो. हर्बर्ट मार्श यांनी १९८६ मध्ये दाखवले की विद्यार्थी वर्गातल्या इतरांशी जशी तुलना करतो, तशी स्वतःच्याच दोन विषयांचीही करतो. गणितात ८५ आणि मराठीत ९५ गुण मिळवणारी मुलगी स्वतःला गणितात कच्ची समजू शकते. गणितात ७० आणि मराठीत ५५ वाला मुलगा मात्र बिनधास्त विज्ञानाला जातो.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुख्य विषय पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवता येतो. महाराष्ट्रात कला, वाणिज्य, विज्ञान ही पहिली फाटाफूट दहावीनंतरच होते, म्हणजे विषयाची नीट चव घेण्याआधी. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. पण कल एका क्षेत्राकडे निघाला आणि त्यातले गणित जमण्याची खात्रीच नसली, तर तिचा अहवाल कपाटात जाई. अभियांत्रिकीच्या ऑप्शन फॉर्मवर तर पसंतीक्रम अनेकदा गेल्या वर्षीच्या कटऑफची यादी समोर ठेवूनच भरला जातो : आधी संगणक, मग आयटी, मग उरेल ते.