उघडलेले पोट आणि उरलेले दिवस

‘डॉक्टरांनी पोट उघडले, पाहिले आणि तसेच शिवून टाकले’ हे वाक्य आपल्या विठ्ठलवाडीतही अपरिचित नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : ‘चाकू लागला आणि कॅन्सर पसरला.’ ही समजूत कोठून आली, हे आज आम्हांस पाहावयाचे आहे. कारण तिच्यापायी बरे होण्याजोगे रोगीही शस्त्रक्रियेला भितात.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेले असते. तेथील गाठ सहसा हाताला लागत नाही. पुष्कळदा कावीळ दिसू लागल्यावरच संशय येतो. साध्या क्ष-किरणांच्या चित्रातही ती उमटत नाही. म्हणून पूर्वी पोट उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद व्हिपल यांनी १९३५ साली स्वादुपिंडाच्या डोक्याकडील गाठ काढण्याची पद्धत मांडली. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. परंतु गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली अथवा रोग यकृतात पोहोचलेला आढळला, तर शल्यविशारदाचा नाइलाज होई. पित्ताला वेगळी वाट करून देऊन तो पोट शिवून टाकी.

असा रोगी बहुधा काही महिनेच जगे. रोग चाकूच्या आधीच पसरलेला होता. चाकूने तो केवळ उघडकीस आणला. घरच्या माणसांनी मात्र पाहिले ते असे, की आपल्या पायांनी गेलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर खालावला. आधी जे घडले तेच कारण, असे मानणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. शिवाय त्यांच्या तक्रारीत सत्याचा अंशही होता. मोजक्या महिन्यांतले कित्येक आठवडे जखम भरून येण्यातच जात.

पुढे सीटी स्कॅन आले. १९७१ साली इंग्लंडमध्ये प्रथम मेंदूचे चित्र घेण्यात आले. नंतर पोटातील इंद्रियेही दिसू लागली. दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी बसवता येऊ लागली आणि काविळीसाठी पोट फाडण्याची गरज पुष्कळ कमी झाली. आजही छोट्या छिद्रातून आत डोकावणे किंवा औषधोपचारानंतर गाठ सुटते का हे पाहण्यासाठी पोट उघडणे आवश्यक ठरते. मात्र ते आंधळेपणाने होत नाही.

औषधांनी आयुष्य वाढले, पण बेताचेच. रोग पसरलेल्या व त्यातल्या त्यात धडधाकट रोग्यांवरील एका फ्रेंच प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. अनेक औषधे एकत्र दिलेल्यांपैकी निम्मे सुमारे ११ महिन्यांहून अधिक जगले. एकाच औषधावर हा काळ सुमारे ७ महिने होता.

म्हणून उरलेल्या दिवसांचे मोल मोठे. याच रोगाने गेलेले गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च रोजी ते निवर्तले. प्रत्येकाला असे काम करता येणार नाही. वेदनेवाचून घरच्यांशी बोलता येणे हेही थोडके नव्हे. याच जाणिवेतून १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन उभे राहिले.

तेव्हा विठ्ठलवाडीहून परळची वाट धरणाऱ्याने दोन गोष्टी मनाशी ठेवाव्यात. गाठ काढता येईल असे डॉक्टर सांगत असतील, तर चाकूच्या भयाने संधी दवडू नये. आणि केवळ पाहण्यासाठी पोट उघडावयाचे असेल, तर त्यातून उपचारात कोणता फरक पडणार, हे अवश्य विचारावे.