मांडीवरचं मूल : तेर ते गोवा

आजचा विषय आहे चर्चमधल्या कलेत दिसणारं देवाचं प्रेम. पण मी सुरुवात करणार आहे तेरपासून. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. तेरचा आणि चर्चचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. जरा धीर धरा.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले हे संत, जातीने कुंभार. कथा तुम्हाला ठाऊक आहे. बायको पाण्याला गेली, काका विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवत होते, रांगतं बाळ त्या चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. त्यांना कळलंच नाही.

माझी आई याच भागातली. माझ्याआधीचं तिचं एक मूल तान्हं असतानाच गेलं. कीर्तनात हा प्रसंग आला की ती पदर सावरून उठायची आणि मंडपाबाहेर जाऊन उभी राहायची. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात काकांचे तुटलेले हात परत येतात, बाळही परत येतं. सगळे टाळ्या वाजवतात. आई म्हणायची, "त्यांचं आलं." एवढंच. देवाचं प्रेम माणसाकडून लेकरू मागतं का, हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकात नाही, त्या मंडपात पडला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तिला गोव्याला घेऊन गेलो. जुन्या गोव्यात एका चर्चमध्ये शिरलो. मुख्य वेदी सोन्याने मढवलेली, वर देवदूत, संत. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती एका बाजूच्या वेदीपाशी थांबली. तिथे लाकडाची, रंगवलेली मूर्ती होती : मरियामाता बसलेली आणि क्रूसावरून उतरवलेला मुलगा तिच्या मांडीवर.

या प्रकारच्या मूर्तीला इटालियन भाषेत 'पिएता' म्हणतात. म्हणजे करुणा. मायकेलअँजेलोची रोममधली पिएता तुम्ही फोटोत पाहिली असेल, 1499 च्या सुमाराची. पण हा प्रकार त्याच्याही दोनेकशे वर्षं आधीचा. 1300 च्या आसपास जर्मन भाषिक प्रदेशात अशा मूर्ती घडू लागल्या. म्हणजे बघा, साधारण आपल्या गोरोबांचाच काळ! आणि गंमत अशी, की हा प्रसंग बायबलमध्ये नाही. चारही शुभवर्तमानांत मरिया क्रूसाजवळ उभी असल्याचा उल्लेख एकाच ठिकाणी, योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पण तिने मुलाला मांडीवर घेतलं, असं कुठेच लिहिलेलं नाही. ते भक्तांनी आणि कारागिरांनी घातलं. कारण क्रूस आणि थडगं यांच्यामध्ये आईचं काय झालं असेल, हे कुणाला तरी विचारावंसं वाटलं.

आता ही मूर्ती गोव्यात कशी आली, तेही सांगितलं पाहिजे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे देवळं पाडली गेली, 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. प्रेमाच्या मूर्ती आल्या त्या सत्तेच्या बरोबर, हे लपवून चालणार नाही. पण घडवणारे हात बऱ्याचदा इथलेच होते. बिगरख्रिस्ती कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले. हुकूम काढावे लागले, याचाच अर्थ कामं चालू होती.

त्याच हातांनी सतराव्या शतकात हस्तिदंताचा 'गुड शेफर्ड' घडवला. बालयेशू मेंढपाळ होऊन टेकडीवर बसलाय, डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, खांद्यावर आणि मांडीवर कोकरं. असे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमपर्यंत पोचलेत. मला मात्र तो पाहताना तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती आठवते. तिचा काळ कितीतरी आधीचा, सातवाहनांचा. दोघांचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. इतकंच, की हस्तिदंतातून माणसाचा जीव काढायची विद्या आपल्याकडे जुनी आहे. परका देव आला, तरी त्याचा चेहरा इथल्याच हातांनी कोरला.

तर आई त्या मूर्तीसमोर उभी. मला विचारते, "हिचं पोरगं आलं का परत?" मी म्हटलं, हो, तिसऱ्या दिवशी उठला, असं ख्रिस्ती लोक मानतात. ती म्हणाली, "ते मागून. आत्ता हिच्याजवळ कुणीतरी बसायला पायजे." आणि तिथल्या बाकावर बसली. चांगली अर्धा तास.

इतकी वर्षं मी देवाचं प्रेम कथेच्या शेवटात शोधत होतो, मूल परत येतं तिथे. या मूर्तीत शेवट नाही. कारागीर मधल्याच क्षणाला थांबलाय, आणि बघणाऱ्यालाही थांबवतो. चर्चमधल्या कलेने मला देवाच्या प्रेमाबद्दल काही शिकवलं असेल, तर ते हेच : जे परत येणार नाही, त्याच्याजवळही बसता येतं.

आई आता थकलीये. गेल्या वर्षी चैत्रात तेरच्या यात्रेला गेलो होतो. कीर्तनात तो प्रसंग आला, ती उठली. पूर्वी मी तिला म्हणायचो, बस की गं, पुढे बाळ परत येतं. यंदा काही बोललो नाही. मीही उठलो आणि तिच्याबरोबर बाहेर जाऊन उभा राहिलो.